आईच्या लांबलेल्या निऱ्या

गेल्या दिवाळीच्या सुमारास आईच्या साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळू लागल्या. तिची बोटे आता नीट वळत नाहीत, त्यामुळे निऱ्या वर खोचता येत नसतील, असे आम्ही धरून चाललो. आईला अठरा वर्षांपासून आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आणि काहीही दुखले-खुपले तरी त्याचे खापर सांध्यांवर फोडायची घरात सवयच झाली होती. मार्गशीर्षात पाण्याची अर्धी बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली, तेव्हाही उसण भरली असेल म्हणून आम्ही दहा दिवस पाठ शेकत बसलो. शेवटी एक्स-रे काढला, तर एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला दिसला आणि त्याच्या वरचा मणका त्याआधीच केव्हातरी, कोणालाही न कळता, खचून गेलेला होता. डॉक्टरांनी उंची मोजली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या सेवापुस्तकातल्या नोंदीपेक्षा ती चार सेंटिमीटरने कमी भरली.

आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, एवढे आम्हाला ठाऊक होते. पण त्याच दाहात निर्माण होणारी रसायने हाड पोखरणाऱ्या पेशींनाही चेतवतात आणि नवे हाड घालणाऱ्या पेशी त्या वेगाला पुऱ्या पडत नाहीत, हे आजाराच्या इतक्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, त्यामुळे या पोखरणीवरचा नैसर्गिक लगाम सुटतो. त्यातच सांधे दुखतात म्हणून चालणे कमी होते, आणि ज्या हाडावर भार पडत नाही ते आणखी विरळ होते.

याखेरीज दाह दाबणारे स्टिरॉइड होतेच. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड प्रथम दिले गेले आणि 1950 मध्ये त्या संशोधनाला नोबेल मिळाले. त्या औषधाने अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली होती, हे मी नाकारत नाही. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळीमुळेच आईला नोकरीची शेवटची वर्षे हातात खडू धरता आला. मात्र स्टिरॉइडमुळे होणारी हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, आणि रोजचा अडीच मिलिग्रॅमचा डोसही तीन महिन्यांहून अधिक काळ चालणार असेल तर हाडांची तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. आईची गोळी जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू राहिली, याची मला फार खंत वाटते. ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे मंदावलेले असते.

डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी; निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी आहे ते तिच्यातला टी-स्कोअर सांगतो, आणि तो उणे 2.5 किंवा त्याखाली असला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. आईच्या खुब्याचा आकडा उणे 2.9 आला, कण्याचा मात्र उणे 1.8. चेपलेला मणका आणि वयोमानाने वाढलेले हाड यंत्राला दाट भासते, त्यामुळे कण्याचा आकडा फसवा असू शकतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. तो एकच आकडा पाहिला असता तर आम्ही निश्चिंत मनाने घरी आलो असतो.

दातांची तपासणी करून घेतल्यानंतर हाडांची झीज रोखणाऱ्या आलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा सुरू झाली. ती अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे न होता, काहीही न खाता राहायचे. नाहीतर ती अन्ननलिकेला इजा करू शकते. उठल्याबरोबर चहा लागणाऱ्या आईला रविवारची ती सकाळ जड जाते. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साधारण साडेतीनशेच असते, म्हणून भाकरी आणि दुधावर विसंबून न राहता तिला कॅल्शियमची गोळी आणि ड जीवनसत्त्वही दिले जाते.

आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा डोस वाढवून प्रेडनिसोलोन आता अडीच मिलिग्रॅमवर आणले आहे आणि सकाळचा ताठरपणा अजून तरी आटोक्यात आहे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे. आईने तिचे सगळे परकर चार बोटे वर दुमडून शिवून घेतले.