चार दहाचा अलार्म आणि आजोबांच्या खिशातल्या म्हाताऱ्या

शुक्रवारी रात्री जेवायच्या टेबलावर जावई-सासऱ्यांची जुंपली ती एवढ्याच गोष्टीवरून, की उद्या सकाळी हरणाच्या शिकारीसाठी मचाणावर जायला निघायचं किती वाजता. मी मधे बसून मुकाट मासे खात होतो. अमेरिकेत या विस्कॉन्सिन राज्यात शुक्रवार म्हणजे फिश फ्राय, सोबत कोबीची कोशिंबीर, राय ब्रेडचा तुकडा आणि मोठ्यांच्या हातात ब्रँडी ओल्ड फॅशन्ड कॉकटेल, हे इथलं ठरलेलं आहे, आपल्याकडे श्रावणी सोमवारी काय होणार ते ठरलेलं असतं तसं. जावई म्हणजे माझ्या ऑफिसातला मित्र. सासरे शहात्तर वर्षांचे. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात पण मला काही ते जमत नाही, तोंड उघडतंच नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणतो आणि तोंडावर नुसतं 'सर', ज्याचं त्यांना हसू येतं.

आधी हे सांगून टाकतो की मी बंदूक हातात घेतली नाही, लायसन्सही नाही, काढायचा विचारही नाही. मला फक्त बसायचं होतं. अमरावतीचा माणूस मी, कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या प्राण्यांच्या मोजणीला मेळघाटात एका पाणवठ्यावर रात्रभर मचाणावर बसलो होतो, त्यामुळे मित्राने 'येतोस का डिअर स्टँडवर' विचारल्यावर मला आधी ते मचाणच आठवलं. स्टँड म्हणजे मचाणच की हो. झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी, वर जमिनीपासून पंधरा फुटांवर दोघांची सीट, समोर आडवा दांडा. ग्रुपवर फोटो टाकला तर अमरावतीहून लगेच आलं, 'काय बे, शिकारी झाला का?' आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मोठे झालेल्यांना शिकार म्हटलं की चोरटी शिकारच डोळ्यापुढे येते. इथे राज्यात हरणं १५ लाखांच्या वर, रस्त्यात गाडीखाली येतात, मका खातात, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन उघडतो तेव्हा शाळेतल्या मुलांपासून आजीपर्यंत सगळे एकमेकांना लांबून दिसावं म्हणून नारिंगी कपडे घालून रानात. मला ते पटलं की नाही ते नंतर कधीतरी लिहीन, इथे विषय घड्याळाचा आहे.

मॅडिसनहून हायवे १४ धरला की स्प्रिंग ग्रीन, रिचलंड सेंटर असं करत पश्चिमेला जाताना जमीन एकदम टेकड्यांची होते. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. आजूबाजूचा सगळा मुलूख हिमनद्यांनी घासून सपाट केला पण इथे त्या आल्याच नाहीत, म्हणून हे डोंगर आणि घळी शिल्लक आहेत. गॅस स्टेशनवर शिकाऱ्यांच्या स्वागताचे बॅनर. मी ऐनवेळी अंगावर घालायला जॅकेट घ्यायला गेलो तर नारिंगी संपलेलं, फक्त भडक गुलाबी उरलेलं. तेही चालतं, २०१६ पासून कायद्याने चालतं, कमरेच्या वर निम्म्याहून कमी नको एवढाच नियम. हरणाला नारिंगी-लाल आपल्यासारखा दिसतच नाही. मला दिसत होता ना पण.

तर वाद. मित्राचं म्हणणं, फटफटायला लागलं की निघायचं, पायाखालचं दिसतंय पण लांबचं नीट दिसत नाही अशा वेळी. टॉर्च लागत नाही, काटक्या मोडत नाहीत, आणि हरणं शेतात उभी असतील तर आपल्याला आधी दिसतात, मग थांबता येतं. अंधारात गेलास तर तू आंधळा आणि ती डोळस, तू त्यांच्या मधून चालत जाशील आणि तुला कळणारही नाही. आजोबांचं म्हणणं, हे सगळं एरवी ठीक आहे, पण उद्या पहिला दिवस. उद्या शेजारच्या प्रत्येक टेकडीवर कोणी ना कोणी चालत असणार. उशिरा जाणारा माणूस हरणं उठवतो आणि लवकर जाऊन बसलेल्याला ती मिळतात, तुला यातलं कोण व्हायचंय?

मला एकदम आपल्याकडची हाकाऱ्यांची, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकणाऱ्यांची, जुनी वर्णनं आठवली. फरक इतकाच की इथे हाकाऱ्यांना माहीतच नसतं की आपण हाकारे आहोत.

मग आजोबांनी कागदी नॅपकिनवर उलटा हिशोब मांडला. सूर्योदय सातच्या सुमारास. त्याच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला परवानगी, म्हणजे साडेसहा. रानाला आपण आल्याचं विसरायला पाऊण तास द्यायचा, म्हणजे पावणेसहाला वर बसून हालचाल बंद. शिडी, पट्टा, बंदूक वर ओढणं याला दहा मिनिटं. चालायला पंचवीस, जरी अंतर अर्धा मैलच असलं तरी, कारण घाम येता कामा नये. म्हणजे दार सोडायचं पाच दहाला. कॉफी, कपडे आणि (हे त्यांनी बोट वर करून सांगितलं) संडास याला एक तास. चार दहाचा अलार्म. चारही नाही, सव्वाचारही नाही. मित्र म्हणाला मी माझा सहाला उठतो, दुसऱ्या टेकडीवरच्या मचाणावर जातो, बघू कोणाचं बरोबर.

सकाळी बाहेर २४ फॅरनहाइट, म्हणजे शून्याच्या खाली चार-पाच सेल्सिअस. आजोबांनी पातळ बनियन आणि एक शर्ट घातला, जाड कोट गुंडाळून पाठीवरच्या पिशवीला बांधला आणि मला म्हणाले तूही काढ. मी विदर्भातला माणूस, मला थंडीची जन्मजात भीती, मी म्हटलं राहू द्या. शेताच्या कडेने सरळ रस्ता होता, दहा मिनिटांचा, पण आम्ही तो घेतला नाही कारण रात्रभर हरणं खालच्या कापलेल्या मक्यात चरत असतात आणि उजाडायच्या बेताला वर दाट झाडीत आडवी व्हायला जातात. सकाळी त्यांच्या जेवणाच्या ताटातून चालत जायचं नाही, त्यांच्या झोपायच्या वाटेवर आधीच जाऊन बसायचं, आणि तेही मागच्या दाराने. म्हणून ओढ्याच्या घळीतून, कपाळावरच्या दिव्याचा लाल उजेड पायापुढे पाडत, वीस पावलं चाला, थांबा, वीस पावलं चाला, थांबा. चढ लागला तसा मी त्या कोटात शिजलो. वर पोचेपर्यंत बनियन पाठीला चिकटलेलं, आणि गुलाबी जॅकेटचं कापड हात हलला की स्विक स्विक. आजोबांनी मागे वळून नुसतं बघितलं, बोलले नाहीत.

शिडी चढताना कमरेचा-खांद्यांचा पट्टा झाडाच्या दोरीला अडकवायचा, तो उतरेपर्यंत काढायचा नाही. बंदूक रिकामी, खाली दोरीला बांधलेली, आपण वर बसल्यावर हळूहळू ओढून घ्यायची. मग दिवा बंद.

मेळघाटात आम्ही दुपारीच मचाणावर चढलो होतो आणि दुसऱ्या दिवशी उतरलो, वर पौर्णिमेचा चंद्र, त्यामुळे कधी जायचं हा प्रश्नच नव्हता. इथे मात्र मिट्ट काळोख आणि त्यात ऐकू येतो फक्त स्वतःचा श्वास. हळूहळू ओकच्या झाडांवर उरलेली सुकी पानं ऐकू यायला लागली. मग खालून पावलं. चार पावलं, थांबा. तीन पावलं, थांबा. गोठलेल्या पानांवर कॉर्नफ्लेक्स चावल्यासारखा आवाज, डावीकडून उजवीकडे, आमच्या शिडीच्या अगदी जवळून. मी मनगट कोटात घालून घड्याळ बघितलं, सहा पाच. काही दिसलं नाही, काहीच नाही, आणि दिसलं असतं तरी पंचवीस मिनिटं काही करता आलं नसतं. आजोबांनी माझ्या गुडघ्यावर एक बोट टेकवलं, तेवढंच. जे काही होतं ते आरामात वर निघून गेलं. नंतर ते कुजबुजले, मोठा होता. कसं कळलं विचारलं तर म्हणाले, एकटा होता आणि घाई नव्हती.

साडेसहाला लांब कुठेतरी पहिला बार. मग दुसऱ्या घळीतून दोन. मग पाच मिनिटं दिवाळीच्या पहाटेसारखं, सगळीकडून थोडं थोडं.

उजेड झाल्यावर आजोबांनी खिशातून एक वाळलेली शेंग काढली आणि चिमटीने आतलं एक बी सोडलं, पांढऱ्या रेशमी केसांचं. मी बघतच राहिलो. अहो ती म्हातारी! लहानपणी रुईच्या बोंडातून उडायची, आम्ही तिच्यामागे गल्लीभर पळायचो. इथे ते मिल्कवीड, रुईच्याच गोतातलं. शिकारी ती खिशात ठेवतात, वारा कुठे जातोय ते बघायला. म्हातारी आमच्यापासून निघाली, चार फूट तरंगली आणि मग उतारावरून खाली ओढ्याच्या घळीत गेली, पाणी ओतल्यासारखी. गार हवा जड, ती रात्रीची आणि पहाटेची खाली वाहत असते आणि आपला वास घेऊन जाते. हे मचाण आजोबांनी असं बांधलंय की तो वास मक्याच्या शेतात न जाता ओढ्यात सांडतो. म्हणून मघाचा तो शिडीजवळून गेला तरी बिचकला नाही. साडेआठनंतर उतारावर ऊन आलं तेव्हा त्यांनी दुसरी सोडली, ती सरळ वर गेली, आमच्या डोक्यावरून, झाडाच्या शेंड्यापर्यंत. म्हणाले आता बसलं तरी चालतं. मला तोपर्यंत वाटत होतं की वेळ म्हणजे उजेडाची वेळ, पण त्यांच्या डोक्यात हवा पलटायची वेळ होती, घड्याळ त्याच्या मागून चालत होतं.

माझी अवस्था मात्र वाईट. घाम गार झाला होता. साडेसातपासून दात वाजायला लागले, आठला पायाची बोटं गेली, नऊला मला आईच्या हातचं पिठलं दिसायला लागलं. आजोबा कोरड्या शर्टावर कोट चढवून मजेत. साडेनऊला मी खुणेने विचारलं, उतरायचं का, तर त्यांनी नकाराची मान हलवली आणि कानाशी म्हटलं, आता सगळे कॉफीला उतरतात. आणि खरंच, दहाच्या आसपास शेजारच्या टेकडीवर ट्रकचं दार वाजलं, मग दुसरं, आणि वीस मिनिटांत आमच्या समोरच्या खिंडीतून दोन माद्या आल्या, पळत नव्हत्या पण मागे बघत चालत होत्या. पुढची थांबली, कान आमच्याकडे. मी श्वास धरला, त्या जॅकेटने स्विक केलं नाही हे नशीब.

गोळीबद्दल फार लिहीत नाही. एकच झाडली, आणि मादी साठ पावलांत पडली. आजोबा लगेच उतरले नाहीत, अर्धा तास तसेच बसून राहिले, मग खाली गेल्यावर टोपी काढली आणि तिच्या मानेवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मला पोटात कसंतरी झालं आणि ते मी त्यांना सांगितलं, ते म्हणाले मलाही होतं. आतडी काढताना वाफा निघत होत्या आणि मी माझे हात तिथे शेकायला नेले, हे लिहायला लाज वाटते पण नेले. मग फोनवर नोंदणी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावीच लागते. डोकं मानेच्या तुकड्यासकट पिशवीत घालून तपासणीच्या पेटीत टाकलं, कारण २००२ मध्ये या राज्यातही हरणांना झिजवून मारणारा एक रोग सापडला, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज), आणि रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये नुसतं लेबल लावून पडून राहतं. माणसाला तो झाल्याचं दिसलेलं नाही तरी रोगी हरीण खाऊ नका असंच सांगतात.

जावयाला शनिवारी काही मिळालं नाही पण तो हार मानेना. म्हणाला उद्या माझ्याबरोबर चल, माझ्या वेळेने. मला तर सहापर्यंत झोपायला मिळणार म्हटल्यावर मी एका पायावर तयार. रविवारी कोट पाठीवर बांधला, एवढं तरी शिकलो होतो, जॅकेटच्या काखेत मोजे कोंबले. सव्वासहाला निघालो. फिकट उजेड, गवतावर दंव, दिव्याची गरज नाही, खरं सांगतो चालायला अंधारापेक्षा शंभरपट छान. शेताच्या कोपऱ्यावर मित्राने हात वर केला, थांब. मक्याच्या खुंटांत काहीतरी करडं. तो बरोबर होता, आपल्याला ती आधी दिसली, पाच होती. फक्त वारा आदल्या दिवशीसारखा नव्हता. मानेच्या मागे गार लागलं तेव्हा मला ते कळलं आणि माझ्याआधी त्यांना. एकीने मान वर केली, पाय आपटला, आणि जोरात फुस्स, टायरमधली हवा जावी तसा आवाज, आणि पाच पांढऱ्या शेपट्या रुमाल हलवल्यासारख्या उड्या मारत झाडीत. लांबून, आजोबांच्या टेकडीकडून, दोन मिनिटांनी एकदा तसंच फुस्स ऐकू आलं.

अकराला सगळे गॅरेजमध्ये जमलो. तिथे आतल्या भिंतीला एक प्लायवूड आहे, त्यावर आजोबा पेन्सिलने लिहितात, साल, वारा, मचाणावर किती वाजता, काय दिसलं. जुन्या ओळी पुसट झाल्यात. शनिवारच्या ओळीसाठी त्यांनी मला विचारलं, ती पावलं किती वाजता होती? सहा पाच, मी म्हटलं, तर त्यांनी तसं लिहिलं आणि पुढे 'ऐकला' असं. मग जावयाकडे न बघता त्याखाली रविवारची ओळ लिहिली. वारा पूर्वेचा, सहा चाळीस, शेपट्या पाच.