बिछाना ओला होतो, हे मी मोठ्याने बोलले तेव्हा

नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर गादी वाळायला दोन तास पुरतात. पावसाळ्यात दोन दिवस लागतात आणि तरी वास मागे राहतोच. तीन वर्षांत हे मला इतकं पाठ झालं होतं की सकाळी आभाळ भरून आलेलं दिसलं की आधी गादीच आठवायची. आमची गच्ची सगळ्या बिल्डिंगची. शेजारच्या काकू विचारायच्या, "पुन्हा गादी टाकली का वं?" मी म्हणायची, ढेकूण झालेत.

आम्ही मानेवाड्याला राहतो. हे हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर, मी एका पतसंस्थेत. मुलगी बारावीत, मुलगा सातवीत, सासूबाई आमच्याकडेच. यांची दारू आधी शनिवारचा क्वार्टर होती. मग रोजचा क्वार्टर झाला, मग रोजचा हाफ. घरात शिवीगाळ नव्हती, मारहाण नव्हती, पगार घरी यायचा. म्हणून मीच स्वतःला समजवायची की आपलं बरंच बरं आहे. हे प्यायचे, जेवायचे, झोपायचे. आणि रात्री दीड-दोनच्या सुमाराला बिछाना ओला व्हायचा. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस.

पहिल्यांदा मला वाटलं उशाची पाण्याची बाटली सांडली. महिन्यातून एकदा व्हायचं ते आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. मग दुसरा प्रकार सुरू झाला, तो जास्त भीतीचा. हे झोपेतच उठायचे, डोळे उघडे, पण समोरचं दिसत नसल्यासारखे. कपाट उघडून उभे राहायचे. एकदा माझ्या साड्यांवर, एकदा पोराच्या दप्तरावर. सकाळी विचारलं तर, "काहीतरीच काय सांगून राहिली?" मला वाटायचं हे खोटं बोलतात. यांना खरंच काही आठवत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

गव्हाची रात्र मात्र मी विसरू शकत नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, वर्ध्याहून सगळे आमच्याकडे उतरले होते. हॉलमध्ये ओळीने अंथरुणं घातलेली, कूलर घरघरतोय. वर्षाचा गहू नुकताच वाळवून झाला होता, कोठीत भरायची दोन पोती भिंतीला टेकवून ठेवलेली. रात्री हे उठले. झोपलेल्या माणसांच्या मधून, कुणाला धक्का न लावता, नीट पाय टाकत गेले आणि पोत्यासमोर उभे राहिले. मी धावले तोवर व्हायचं ते झालं होतं. यांना दंडाला धरून आत आणलं, फडकं घेऊन बाहेर आले, तर अंधारात सासूबाई उठून बसलेल्या. एवढंच म्हणाल्या, "तू झोप. सकाळी पाहू." सकाळी त्यांनी ते पोतं बाजूला ओढलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मांजरीनं घाण केली वाटते बाप्पा." सगळ्यांनी हो हो केलं. माझी मुलगी चहाचे कप उचलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अर्धं पोतं गहू मी स्वतः नेऊन फेकला. पिकलेलं धान्य टाकताना माझे हात कापत होते.

तीन वर्षं मी एकच काम मन लावून केलं, झाकायचं. बर्डीच्या बाजारातून दोन मीटर रेक्झिन आणलं, दुकानदाराला सांगितलं बाळंतिणीला पाहिजे. रात्री एकचा गजर लावून यांना उठवायची, कधी उठायचे, कधी हात झटकायचे. एकदा खोलीला बाहेरून कडी लावली, तर दारातच झालं, आणि नंतर मला वाटलं की आत उलटी झाली असती, आग लागली असती तर? पुन्हा कडी लावली नाही. माहेरी मुक्काम बंद केला. मुलीच्या मैत्रिणींना रात्री राहू देईना, ती कारण विचारेना.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सुचवलं, व्हिडिओ काढ आणि दाखव, मग शरम वाटेल. मी काढला. वीस-पंचवीस सेकंदांचा. दाखवायचं धाडस झालं नाही. अकरा दिवस तो माझ्या फोनमध्ये होता आणि अकरा दिवस मी फोन पोरांच्या हातात दिला नाही. मग पुसून टाकला. ज्या माणसाशी लग्न केलं त्याची ती अवस्था पुरावा म्हणून जपून ठेवणं मला जमलं नाही, आणि आजही वाटतं पुसला तेच योग्य केलं.

नणंदेने यांना आठ दिवस वर्ध्याला नेलं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिथे मिळणारच नाही असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी मिळाली. मग तिने एक पुडी पाठवली, भाजीत कालवून द्यायची, माणसाला कळत नाही आणि दारू सुटते म्हणे. मी ती पुडी मिसळणाच्या डब्यात ठेवली. दोन वेळा हातात घेतली. का कोण जाणे, घातली नाही. जवळच्या एका डॉक्टरांना आडून विचारलं तर ते हसले, "कमी पाजा न वहिनी." त्यानंतर चार महिने मी कुणाला काही विचारलं नाही.

लग्नघर रिकामं झाल्यावर एका रात्री दीड वाजता चादर मशीनमध्ये टाकली आणि स्वयंपाकघरात खाली बसून १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची लाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फक्त नशामुक्तीसाठीची १४४४६ आहे, ती मला पुढे कळली. पलीकडून बाईचा आवाज आला आणि मी म्हणाले, "माझे मिस्टर बिछान्यात लघवी करतात." तीन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. नंतर बराच वेळ मी फक्त रडले. तिने रडू दिलं. मग विचारलं, रोज किती पितात, सकाळी हात थरथरतात का. थरथरायचे. सकाळचा चहा हे दोन्ही हातांनी कप धरून प्यायचे. ती म्हणाली, मग घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका, आधी मानसोपचार विभागात दाखवा. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शेवटचं नाव ऐकून मी गप्प झाले. आमच्याकडे त्याला वेड्यांचा दवाखाना म्हणतात.

तिने आणखी एक सांगितलं होतं. प्यायलेल्या माणसाशी रात्री बोलू नका. म्हणून मी रविवारची सकाळ धरली. पोरं क्लासला, सासूबाई देवळात. हे शनिवारी रात्रीचे प्यायलेले, पण शुद्धीत. मी आवाज चढवला नाही. कपाट, दप्तर, गादी, तारखांसकट सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या रात्री पोत्यावर मांजर नव्हतं." यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू यांचा चेहराच उतरत गेला. "आईला माहीत आहे?" एवढंच विचारलं. मग अंघोळ करून टेकडी गणपतीला गेले आणि आल्यावर म्हणाले, आजपासून थेंब नाही.

मला इतका आनंद झाला की फोनवरच्या बाईचं बोलणं मी बाजूला ठेवलं. ही माझी चूक, आणि ती कुणी करू नये म्हणून सांगते. रविवारी संध्याकाळपासून हात जास्तच कापायला लागले. रात्रभर घाम, झोप नाही, पोटात अन्न ठरेना. मी लिंबू सरबत देत राहिले. सोमवारी दुपारी चारला पलंगाजवळ उभे असताना यांना झटका आला. दात आवळलेले, अंग ताठ, मग खडखड हालणारं. पोरगा समोर होता. ऑटोने दवाखान्यात नेईपर्यंत मी काय बोलत होते मला आठवत नाही.

तिथल्या मानसोपचाराच्या मॅडमनी नंतर समजावलं. रोजच्या जास्त दारूची मेंदूला सवय झालेली असते, ती अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होतो, त्यात माणूस जाऊही शकतो. यांना तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या, त्या झाडायला हे उठू पाहत होते. झटके थांबवायची औषधं हळूहळू कमी करत द्यायची असतात, सोबत थायमिन, म्हणजे बी-१ ची इंजेक्शनं. अकरा दिवस आम्ही तिथे होतो.

पाचव्या दिवशी मॅडमनी मला एकटीला बसवून विचारलं, आणखी काही त्रास? मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं. म्हणाल्या, हे इथे रोज ऐकतो. मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडतो, ते किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं. दारू तेच दाबते, म्हणून लघवी जास्त बनते. मूत्राशय भरतं, पण दारूच्या गुंगीत त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. कधी अर्धवट पोचतो, तेव्हा माणूस उठतो आणि कपाटाला संडास समजतो. एका हाफमध्ये साधारण सव्वाशे ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, रोज तेवढं गेल्यावर शरीर काय करणार? तरी सगळा दोष दारूवर टाकून मोकळं व्हायचं नाही, असंही त्या म्हणाल्या. शुगर, लघवीची तपासणी, प्रोस्टेट आणि लिव्हरची सोनोग्राफी करून घेतली. घोरतात का, झोपेची गोळी घेतात का, तेही विचारलं. यांची शुगर ठीक निघाली, लिव्हरवर चरबी होती, आणि लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीवर.

मी पुडीचं सांगितलं तेव्हा मात्र मॅडमचा आवाज कडक झाला. अशा पुड्यांत काय असतं कुणालाच माहीत नसतं. दारूविरुद्धची गोळी असली आणि माणसाला न सांगता दिली, वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. घरी आल्यावर पहिलं काम मी तेच केलं, पुडी नालीत ओतली.

रात्रीसाठी त्यांनी मला साध्या गोष्टी सांगितल्या. हे पिऊन झोपलेच तर कुशीवर वळवायचं, उताणं नाही, म्हणजे उलटी श्वासात जात नाही. झोपेत उठले तर ओरडायचं नाही, हलवायचं नाही, कोपराला धरून संडासाकडे वळवायचं. संडासाचा लाइट रात्रभर सुरू ठेवायचा.

कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, तिथे जा म्हणाल्या. दारू सोडणाऱ्यांची एए १९३५ ची, ही घरच्यांची १९५१ ची, दोन्ही अमेरिकेत सुरू झालेल्या. मला वाटलं आपल्याला तिथे काय कळणार. दुसऱ्याच मीटिंगला माझ्या शेजारची बाई, चांगली शिकलेली, इस्त्रीची साडी नेसलेली, म्हणाली, "मी तीन गाद्या बदलल्या." मी तिचा हात धरला. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: दारू मी लावली नाही, ती माझ्या आवरण्याने आवरणार नाही, माझ्या हातून बरी होणार नाही. तिसरं ऐकायला मला सगळ्यात जड गेलं. मला वाटत होतं मी नीट सांभाळलं की हे बरे होतील.

मुलीला मी स्वतः सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं आई. तिसऱ्या मजल्यावर मांजर कुठून येईन?" मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. इतकी मोठी पोरगी.

दोन महिने बिछाना कोरडा होता. तान्ह्या पोळ्याला हे मित्रांसोबत मारबतीची मिरवणूक पाहायला महाल भागात गेले आणि रात्री पिऊन आले. त्या रात्री पुन्हा झालं. मी भांडले नाही, कुशीवर वळवलं आणि हॉलमध्ये जाऊन झोपले. सकाळी मशीनच्या आवाजाने जाग आली. यांनी स्वतः चादर काढून धुवायला टाकली होती, रेक्झिन फिनाइलने पुसून दोरीवर घातलं होतं, आणि पाठमोरे उभे होते. "मॅडमला फोन लाव," म्हणाले. त्यानंतर यांनी सगळं समजून घेऊन, सही करून डायसल्फिराम, म्हणजे तीच दारूविरुद्धची गोळी, सुरू केली. गोळी सकाळी माझ्यासमोर घेतात. घरातलं दाढीनंतरचं लोशन टाकून दिलं, खोकल्याचं औषध आणताना त्यात अल्कोहोल आहे का ते मी वाचते.

आता पाच महिने झालेत. यंदाची पोती कुठे ठेवायची यावर सासूबाईंनी परवा विषय काढला आणि हेच म्हणाले, "ठेव हॉलमध्येच." मी अजून रात्री एकला जागी होते, गजर नसतानाही. चादरीवरून हात फिरवते, मग झोपते.

मागच्या आठवड्यात कूस बदलताना हे म्हणाले, "काढून टाक न ते रेक्झिन. आवाज करते."

"होळीपर्यंत राहू द्या," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले, आणि आपली उशी माझ्याकडे सरकवली.