खारघरला बाळाचा इको: मुरबाडहून जाऊन आल्यावर

मुरबाडहून खारघर म्हणजे एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे आणि ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बरने खारघर. एकट्या माणसाला यात काही वाटत नाही. कडेवर हृदयाला छिद्र असलेलं सात महिन्यांचं बाळ असलं, की कधी निघायचं, कधी पाजायचं, कधी झोपवायचं, सगळंच आधी ठरवावं लागतं. माझ्या धाकट्या नणंदेच्या, सुवर्णाच्या, ईराला इकोला, म्हणजे हृदयाच्या तपासणीला, घेऊन आम्ही खारघरच्या रुग्णालयात जाऊन आलो. तेव्हापासून ओळखीपाळखीतून त्याच चौकशीचे फोन येतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

ईराचं दुखणं कळलं ते अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सुवर्णाला विचारलं, "पिताना दमते का हो?" दमत तर होतीच. दोन मिनिटं प्यायची, सोडायची, धापा टाकायची, पुन्हा तोंड लावायची. कपाळावर घामाचे थेंब. वजन दोन महिने जागचं हललं नव्हतं आणि न्यूमोनिया एकदा होऊन गेला होता. आपल्याकडे हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. बरेचसे दोष नुसतं बघून कळत नाहीत, म्हणून पथक आलं की बाळाला घेऊन जाच. दुपारच्या झोपेची वेळ असली तरी जा.

पुढच्या तपासणीसाठी पथकाने खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयाच्या नावाने पत्र दिलं. २०१८ पासून तिथे लहान मुलांच्या हृदयावर उपचार होतात, आणि सगळे मोफत. तपासणी, ऑपरेशन, राहणं, कशाचेच पैसे घेत नाहीत. बिलाचा काउंटरच नाही. सुनील गावसकर या कामाशी बरीच वर्षं जोडलेले आहेत. २०१९ मध्ये सत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी इथल्या ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलायचं जाहीर केलं: कसोटीतल्या ३४ शतकांची ३४ आणि एकदिवसीय सामन्यातल्या एका शतकाचं एक. आमच्या सासऱ्यांचा क्रिकेटवर फार जीव. हे ऐकल्यावर त्यांचा जायला असलेला विरोध निम्मा गळून पडला. "फुकट म्हणजे कसं असेल" ही त्यांची शंका होती, आणि पुष्कळ घरांत ती असते. ती मनातून काढून टाका.

आता प्रवास. ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या गाड्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात. पाटी नीट वाचा. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, ती आपल्या कामाची नाही. पनवेलची घ्यायची, ती नेरूळ, सीवूड्स, बेलापूर करत खारघरला येते. गाडी ठाण्याहूनच सुटत असल्यामुळे एखादी सोडून पुढचीला थांबलं तर बायकांच्या डब्यात खिडकी मिळते. मेट्रोने जायचं असेल तर खारघरला उतरू नका. मेट्रो बेलापूर स्टेशनाजवळून सुटते आणि पुढेही रिक्षा करावीच लागते. बाळ आणि पिशव्या घेऊन दोनदा चढउतार करण्यापेक्षा खारघर स्टेशनवरून थेट रिक्षा सोयीची. रिक्षावाल्याला 'साई संजीवनी' असं नाव घेऊन सांगा. खारघरमध्ये टाटाचं कॅन्सरचंही मोठं केंद्र आहे. नुसतं "मोठं हॉस्पिटल" म्हटलं तर तिकडे जाल.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते झोपेचं. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बाळ हलत-रडत असेल तर चित्र नीट येत नाही आणि छिद्र नेमकं केवढं, कुठे, हे मोजता येत नाही. म्हणून लहान बाळाला झोपेचं औषध देतात, आणि आधीच दमलेलं बाळ त्याने पटकन झोपतं. गाडीत झोप काढून ताजंतवानं झालेलं बाळ मात्र औषध पिऊनही टक्क जागं राहतं. गाडीच्या हेलकाव्यांनी ईराचे डोळे सारखे मिटत होते. मी तिला खिडकीत उभी धरून दिघागाव, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी एकेक स्टेशनं मोठ्याने वाचून दाखवत राहिले. रडली, पण जागी राहिली. झोपेचं औषध घरून देऊ नका, तिथलेच लोक वजन बघून देतात. त्याआधी किती वेळ पाजायचं नाही, हे निघायच्या आदल्या दिवशीच फोन करून विचारा आणि त्यावरून गाडीची वेळ ठरवा.

पोचल्यावर नोंदणी, वजन, उंची, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन, मग ईसीजी. बोटाचा चिमटा लावताना बाळाचे हात-पाय गार असले तर आकडा येत नाही. मोजे घालून न्या आणि तिथेच काढा.

इकोची खोली अंधारी असते. गार जेली लागली तशी ईरा जरा वळवळली, पण उठली नाही. पडद्यावर हृदयातल्या झडपांच्या पाकळ्या उघडझाप करताना दिसल्या आणि मधूनच लाल-निळे रंग उसळले. सुवर्णाने माझा हात घट्ट धरला. "वहिनी, निळं रक्त म्हणजे खराब ना?" डॉक्टरबाईंनी मान न वळवता सांगितलं, की हे रंग फक्त दिशा दाखवतात. यंत्राकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. पुढे जाणाऱ्या प्रत्येक आईला हे आधी माहीत असावं असं मला फार वाटतं, कारण त्या पाच मिनिटांत सुवर्णाचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

ईराला व्हीएसडी निघालं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. डाव्या बाजूचं रक्त त्यातून उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांकडे नको इतकं जातं, म्हणून धाप आणि म्हणूनच न्यूमोनिया. गावात कुणीतरी सांगतंच, "अमक्याच्या पोराचं छिद्र आपोआप बुजलं." ते खरंही असतं. लहान छिद्रं, विशेषतः पडद्याच्या स्नायूच्या भागातली, पुष्कळदा बुजतात. मोठं तसंच ठेवलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होत जातात, आणि एका टप्प्यानंतर ते बंद करण्याचीही सोय राहत नाही. आपल्या बाळाचं कोणतं, हे इको सांगतो. शेजारच्या बाळावरून ठरवू नका.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत लघवी वाढवणारं औषध दिलं होतं. फुप्फुसांवरचा भार हलका करण्यासाठी ते असतं, त्यामुळे लंगोट जास्त ओले होतात, घाबरू नका. या दिवसांत बाळाला थोडं-थोडं पण वारंवार पाजायचं. सर्दी-ताप झाला तर तारीख पुढे जाते, म्हणून बारसं, लग्न, जत्रा सरळ टाळा. आम्ही पाहुण्यांना दारातूनच नमस्कार केला आणि कुणाला राग आला असेल तर येऊ दिला.

रांगेत आमच्या शेजारी जव्हारकडच्या एक बाई होत्या. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाचे ओठ रडताना निळे पडायचे. तो आजार वेगळा. असा झटका आला तर मुलाचे गुडघे छातीशी दुमडून धरायचे, शांत करायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे त्यांना डॉक्टरांनी करून दाखवलं होतं. त्यांनी ते आम्हालाही पिशवीवर करून दाखवलं.

कागदांसाठी वेगळी फाईल करा. पथकाचं पत्र, जन्मदाखला, आई-वडिलांचं आधार, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, जुने एक्स-रे. संजीवनीत पैसे लागत नसले तरी काही कारणाने दुसरीकडे जावं लागलं, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हेच कागद लागतात. रेशनकार्डावर बाळाचं नाव चढलेलं नसलं तरी जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांबरोबरचा बाळाचा फोटो चालतो. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणारा माणूस, बसतो, आधी त्याला गाठा.

ऑपरेशनबद्दल थोडंच लिहिते, कारण ते डॉक्टरच नीट सांगतात. छिद्राला ठिगळ लावून ते बंद केलं. आयसीयूत नळ्या-वायरींत पहिल्यांदा पाहाल तेव्हा पाय लटपटतील. शक्य तर आईच्या आधी घरच्या दुसऱ्या कुणीतरी जाऊन बघून यावं आणि तिला काय दिसणार आहे ते सांगावं. बाळ तोंडाने पीत नसतं त्या काळात आईने दूध काढत राहायचं, नाहीतर नंतर दूध आटतं.

घरी आल्यावर साधारण सहा आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. छातीचं हाड जुळत असतं. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. हे घरातल्या प्रत्येकाला, शेजारच्या काकूंना, मामाला, सगळ्यांना करून दाखवा. आमच्याकडे मालिशवाल्या आजी दुसऱ्याच दिवशी तेलाची वाटी घेऊन हजर झाल्या. त्यांना चहा पाजला आणि डॉक्टर सांगेपर्यंत छातीला हात लावायचा नाही म्हणून विनवलं. दात येऊ लागले की ते स्वच्छ ठेवा. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात, म्हणून कोणत्याही दातांच्या डॉक्टरला ऑपरेशन झाल्याचं आधी सांगा.

फेरतपासणीची तारीख चुकवू नका, बाळ कितीही खेळतं-हसतं दिसलं तरी. ईरा आता न थांबता पोटभर पिते, तरी आम्ही जातो. परतताना संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत ठाणे गाठायचं बघा. उशीर झालाच तर कल्याणच्या भरलेल्या लोकलमध्ये बाळ घेऊन घुसू नका. तासभर बाकावर बसा, बाळाला पाजा आणि ठाण्याहूनच सुटणारी गाडी पकडा.