चेस्टर गेला म्हणजे लिंकिन पार्क संपला का?

सप्टेंबर २०२४ मध्ये लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडने, गायक चेस्टर बेनिंग्टन वारल्यानंतर सात वर्षांनी, एमिली आर्मस्ट्राँगला नवीन गायिका म्हणून समोर आणलं आणि आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एरवी तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शेअर मार्केट सोडून काही येत नाही, पण त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत भांडण चाललं. एकाने लिहिलं, चेस्टर नाही तर लिंकिन पार्क नाही, विषय संपला, दुसरं नाव घ्या आणि मग काय गायचं ते गा. त्याचं दुःख मला कळतं, कारण होस्टेलच्या लॅनवरून त्यांचे हायब्रिड थिअरी आणि मिटिओरा हे अल्बम कॉपी करून घेतलेली आमची पिढी आहे, विषय राहून केटी लागली, घरी भांडण झालं, कुणी नाही म्हटलं की दार लावून हीच गाणी फुल आवाजात लागायची, आणि चेस्टर ओरडायचा तेव्हा आपल्या वतीने कुणीतरी ओरडतंय असं वाटायचं. पण त्याचं म्हणणं मला पटत नाही, आणि का पटत नाही ते ग्रुपवर लिहिण्यापेक्षा इथे नीट लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे चेस्टर हा लिंकिन पार्कचा पहिला गायक नव्हताच. बँडचं नाव झिरो होतं तेव्हा मार्क वेकफील्ड नावाचा मुलगा गायचा, तो सोडून गेला, मग १९९९ मध्ये ॲरिझोनातल्या चेस्टरकडे डेमो टेप पाठवली गेली आणि त्याने स्वतःच्या २३ व्या वाढदिवसाची पार्टी सोडून त्यावर आवाज रेकॉर्ड करून परत पाठवला. म्हणजे ज्याच्याशिवाय बँडच नाही असं आपण म्हणतो तो स्वतः दुसऱ्याच्या जागी आलेला होता. अर्थात मार्क जिवंत होता आणि बँड तेव्हा कुणाला माहीत नव्हता, त्यामुळे दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मान्य. पण २०२४ च्या अल्बमचं नाव फ्रॉम झिरो ठेवलं ते त्या जुन्या नावाची आठवण ठेवूनच.

२० जुलै २०१७ ला चेस्टर गेला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये त्याच्यासाठी कॉन्सर्ट झाली, त्यात बऱ्याच मित्र गायकांनी त्याची गाणी म्हटली, पण नम हे गाणं आलं तेव्हा कुणीच माईकवर गेलं नाही. स्टेजच्या मधोमध माईकचा स्टँड, त्यावर फुलं, त्यावर लाईट, बँड वाजवतोय आणि सगळं गाणं पब्लिक म्हणतंय. व्हिडिओ आहे, बघा. मी तो आजही सलग बघू शकत नाही, मध्ये थांबवावा लागतो. पण मला वाटतं पुढचं उत्तर तिथेच थोडं दिसत होतं, की त्या जागेवर लगेच कुणाला आणून उभं करायचं नाही, जागा रिकामी आहे ते सगळ्यांना दिसू द्यायचं आणि गाणं बाकीच्यांनी मिळून उचलायचं.

मग सात वर्षं. बँडचा रॅपर माईक शिनोडाने पोस्ट ट्रॉमॅटिक नावाचा एकट्याचा अल्बम केला, मिटिओराला २० वर्षं झाली तेव्हा चेस्टरच्या आवाजातलं लॉस्ट हे जुनं न आलेलं गाणं बाहेर काढलं, आणि मग एमिलीबरोबरचं पहिलं गाणं आलं, दि एम्प्टिनेस मशिन. ते हेडफोन लावून ऐका आणि कोण कधी येतं त्याकडे लक्ष द्या. पहिलं कडवं माईक गातो. पहिला कोरसही माईकच गातो. ऐकणारा माणूस कान टवकारून बसलाय की नवीन आवाज कुठाय, आणि ती येते थेट दुसऱ्या कडव्याला, म्हणजे तोपर्यंत तुम्ही जुन्या ओळखीच्या आवाजाबरोबर गाण्यात शिरलेले असता आणि मग ती तुमच्या शेजारी येऊन उभी राहते. मला हे फार विचार करून केलेलं वाटतं. चेस्टर असताना माईक मुख्यतः रॅप करायचा, आता तो कितीतरी जास्त गातो. ड्रमर रॉब बॉर्डननेही बँड सोडला, कॉलिन ब्रिटन आला, तो अल्बमच्या प्रॉडक्शनमध्येही आहे. ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे पण टूरवर जात नाही, तिथे दुसरा गिटारवाला वाजवतो. एक माणूस गेला आणि एक आली असं झालेलंच नाही, सगळ्यांची कामं बदलली.

आपल्याकडे घरातला कर्ता माणूस गेला तर त्याच्या खुर्चीत कुणी नवीन कर्ता आणून बसवत नाही ना, बँकेचं एक बघायला लागतो, शेताचं दुसरा, आणि जी आई कधी व्यवहारात बोलली नव्हती ती बोलायला लागते. घर पूर्वीसारखं राहत नाही पण घर असतं. जे बँड टिकले ते मला बरेचसे असेच टिकलेले दिसतात.

ॲलिस इन चेन्स हा बँड बघा. त्यांचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये गेला. त्या बँडची खासियतच दोन आवाजांची, लेन आणि गिटारिस्ट जेरी कँट्रेल एकत्र गायचे. २००९ मध्ये नवीन अल्बम आला तेव्हा विल्यम डुव्हाल आलेला होता, पण तो लेनची नक्कल करायला पुढे आला नाही, जेरी स्वतः जास्त पुढे आला आणि विल्यमने दुसरा आवाज धरला. जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस तर १८ मे १९८० ला गेला, अमेरिकेच्या पहिल्या टूरला निघायच्या आदल्या दिवशी. उरलेल्यांनी जुनं नावच सोडलं, न्यू ऑर्डर झाले, सुरुवातीला कोण गाणार हेही ठरलेलं नव्हतं, तिघांनी प्रयत्न केला आणि शेवटी गिटारवाला बर्नार्ड समनर गायला लागला, आणि तीन वर्षांत त्यांनी ब्लू मंडे हे गाणं केलं. माझ्या मित्राचं 'दुसरं नाव घ्या' इथे बरोबर ठरतं, कारण त्यांचं संगीतच दुसरं झालं. नाव ठेवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, लिंकिन पार्क माईकनेच सुरू केलेला बँड आहे, त्याला त्याचं नाव टाकून दे म्हणणारे आपण कोण?

याच्या उलट आयएनएक्सएस हा बँड. गायक मायकल हचन्स १९९७ मध्ये गेल्यावर त्यांनी अधूनमधून वेगवेगळे गायक घेतले, आणि २००५ मध्ये चक्क टीव्हीवर रिॲलिटी शो करून गायक निवडला, जे. डी. फॉर्च्युन. अल्बम आला, टूर झाली, काही वर्षांत तोही बँडमधून बाहेर पडला आणि २०१२ मध्ये बँडने टूर बंद केल्याचं जाहीर केलं. त्या मुलाचा गळा चांगला होता, प्रश्न त्याचा नव्हताच. सगळं जसंच्या तसं ठेवून मधला एक तुकडा बदलायचा होता, आणि माणसाच्या बाबतीत ते होत नाही.

कुणी म्हणेल एसी/डीसी या बँडचं काय, तिथे तर एकाच्या जागी एकच आला. खरंय. गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनला घेऊन बॅक इन ब्लॅक हा अल्बम आला, शोक म्हणून कव्हर पूर्ण काळं, पहिल्या गाण्याची सुरुवात घंटेने. पण त्या बँडचं इंजिन अँगस आणि माल्कम यंग या भावांच्या दोन गिटारी होत्या, ते दोघं होते म्हणून ते पाच महिन्यांत उभे राहू शकले.

क्वीन या बँडबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे ओढतं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारूख बलसारा, झांझिबारमधल्या पारशी घरातला, शाळेला आपल्या पाचगणीत. सेंट पीटर्समध्ये असताना मुलांनी हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता आणि त्यात फ्रेडी पुढे उभा राहून गात नव्हता, तो पियानोवर होता, मुख्य गायक दुसराच मुलगा. (पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांनी त्या शाळेच्या बाजूनेही एक चक्कर मारावी.) २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला, १९९५ मध्ये त्याने मागे ठेवलेल्या आवाजावर उरलेल्या तिघांनी मेड इन हेवन हा अल्बम पूर्ण केला, १९९७ नंतर बेसवाला जॉन डीकन बाजूला झाला. त्यानंतर उरलेले दोघं, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, आधी पॉल रॉजर्सबरोबर आणि मग ॲडम लॅम्बर्टबरोबर फिरले, नाव लिहिताना क्वीन अधिक ॲडम लॅम्बर्ट असं लिहितात, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. लव्ह ऑफ माय लाइफ या गाण्याला ब्रायन मे एकटा गिटार घेऊन बसतो, लोक गातात आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी येतो, तेव्हा गळा दाटतोच. पण ॲडमबरोबर स्टुडिओत बसून नव्या गाण्यांचा एकही अल्बम त्यांनी केलेला नाही. ती फ्रेडीची आठवण आहे, मनापासून केलेली, सुंदर, आणि मी त्याला चालू असलेला बँड म्हणणार नाही. बँड चालू आहे म्हणायचं तर नवीन गाणी हवीत, वाईट झाली तरी चालतील.

लिंकिन पार्क जानेवारी २०२६ मध्ये लोलापलूझा या संगीत महोत्सवाला मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर. चेस्टर असताना ते भारतात एकदाही आले नाहीत, आणि ही खंत आमच्यापैकी कुणाचीच जाणार नाही. पण त्याची गाणी दुसऱ्या कुणी म्हणूच नयेत हे मला मान्य नाही. ती त्याच्या आयुष्यातून आली हे खरं, त्याचं लहानपण, व्यसन, सगळं त्यात आहे, पण ती माईकबरोबर बसून लिहिलेली आहेत आणि नंतर लाखो पोरांनी आपापल्या दुःखासाठी म्हटलेली आहेत. एमिली क्रॉलिंग म्हणते तेव्हा ती चेस्टरसारखी वाटत नाही, तिचा आवाज जास्त खरखरीत, तिचं ओरडणं वेगळं. तेच बरंय. चेस्टरसारखी वाटली असती तर मला ऐकवलं नसतं. माझी भाची अकरावीत आहे, ती हेवी इज द क्राउन ऐकून या बँडकडे आली आणि तिथून मागे जात जात हायब्रिड थिअरीपर्यंत पोचली, आता तिला चेस्टर जास्त आवडतो. बँड बंद पडला असता तर तिला तो कुठून भेटला असता?

आणि हे सगळं परदेशातलंच नाही. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड घ्या. असीम चक्रवर्ती मांडी घालून बसायचा, पुढे तबला, आजूबाजूला इतर वाद्यं, समोर माईक, आणि हात चालू असतानाच गायचा. ज्यांनी तबला शिकायचा प्रयत्न केलाय त्यांना विचारा हे काय प्रकरण आहे ते. बँडला एकच असा फ्रंटमन नव्हता, राहुल रामही गातो, नर्मदा आंदोलनात असताना ऐकलेलं माँ रेवा हे गाणं त्यानेच बँडमध्ये आणलं, पण असीमच्या गळ्याशिवाय तो बँड कुणी कल्पनेतही आणला नव्हता. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. त्याचं काम पुढे एकाने केलं नाही, दोघांनी केलं, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. पुढे गिटारवाला सुस्मित सेनही बाहेर पडला आणि निखिल राव आला, तरी बँड चालूच. असीम असतानाची शेवटची गाणी १६/३३० खजूर रोड या अल्बममध्ये आहेत, २०१० मध्ये ती त्यांनी नेटवर फुकट दिली होती, महिन्याला एक. अलीकडचा अल्बम तू है, २०२३ चा. ज्यांनी त्यांचं फक्त कंदिसा हे गाणं ऐकलंय त्यांनी हे दोन्ही ऐका, आधी खजूर रोड आणि मग तू है, आणि दुसऱ्यात असीमला शोधत बसू नका, हिमांशु काय करतोय ते ऐका.