तुमचा ऑक्सिजन एक्क्याऐंशी, मग सिलिंडर का नाही?

पाथरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सुट्टे पैसे परत देताना गिऱ्हाइकाची नजर माझ्या नखांवर जाते. जांभळट, टोकाला फुगलेली, पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. मग ओठांवर. आधी लोक "जांभळं खाल्लीत का?" म्हणायचे. कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर पोचला, तेव्हापासून आकडाच विचारतात. आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: मग घरी सिलिंडर का ठेवत नाही?

२०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आमच्या आशाताई दारात आल्या. माझ्या बोटाला चिमटा लावला, ८१. बोट पुसलं, ८१. स्वतःच्या बोटाला लावून बघितला, ९८. "दम लागायलाय का हो भाऊ?" मी चहा पीत होतो. नेहमीचंच आहे म्हणून सांगेपर्यंत त्यांनी १०८ला फोन लावलासुद्धा. दवाखान्यात तोंडावर मास्क बसला, ऑक्सिजन भरभरून सोडला. बऱ्याच वेळाने आकडा ८३. डॉक्टर पोरगेलेसे होते, घामाघूम झाले. शेवटी त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि खुर्ची ओढून बसले.

माझ्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून मोठं भोक आहे. लहानपणी मी निळा नव्हतो. नुसती सर्दी, खोकला, अंगाला मांस नाही. "मोठेपणी आपोआप बुजेल," असं सांगितलं गेलं. बारीक भोकं बुजतातही. माझ्या भोकातून डावीकडचं जोराचं रक्त उजवीकडे घुसत राहिलं, फुप्फुसांवर वर्षानुवर्षं दुप्पट भार पडला, तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद झाल्या. मग दाब उलटला आणि उजवीकडचं काळपट रक्त डावीकडे यायला लागलं. याला आयझेनमेंगर म्हणतात. त्या नावाच्या डॉक्टरांनी १८९७ साली असा रुग्ण नोंदवला होता.

आमच्याकडे जायकवाडीचा डावा कालवा आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. चारी फुटली की पाणी शेतात न जाता ओढ्याला लागतं. शेतात कितीही खत टाका, ओढ्याच्या पाण्याला काय त्याचं? माझं बरंचसं रक्त फुप्फुसाचं शेत न बघताच अंगात जातं. नळीतला ऑक्सिजन शेतातच राहतो. काहींना थोडा उपयोग होतो, ते डॉक्टर बघून ठरवतात. मला झाला नाही.

"मग आता भोक बुजवा की." तेही नाही. ते आता सांडवा झालंय. सांडवा बंद केला तर दाबाने उजवं हृदयच बसेल.

खरी काळजी वेगळीच आहे आणि ती कुणी विचारत नाही. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. माझं हिमोग्लोबिन २०च्या आसपास असतं. "एवढं रक्त आहे तर दान कर," असं एक मामा दर लग्नात म्हणतात. एका डॉक्टरांनी "घट्ट झालंय" म्हणून पाठोपाठ दोनदा बाटलीभर काढलंही. लोह गेलं, नंतर दोन महिने जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी. लोह कमी पडलं की पक्षाघाताचा धोकाही वाढतो, हे मोठ्या दवाखान्यात कळलं. उन्हाळ्यात पारा बेचाळीसला गेला की घामाने रक्त आणखी दाटतं, म्हणून गल्ल्याशेजारी माठ. निर्जळी एकादशी आईनेच सोडायला लावली, स्वतः मात्र करते.

आणि सलाईन. तुमच्या शिरेत हवेचा बारीक बुडबुडा गेला तर फुप्फुसात अडकून जिरतो. माझा भोकातून थेट मेंदूत जाऊ शकतो. सिस्टर नळी जोडायला लागल्या की मी फिल्टर मागतो, नसला तर नळीवर टिचक्या मारून बुडबुडे वर सरकले का ते बघत बसतो. त्यांना राग येतो. येऊ द्या.

त्या सप्टेंबरनंतर मी दुकानातच एक कार्ड टाइप केलं: आजाराचं नाव, 'नेहमीचा ऑक्सिजन ८० ते ८४, सलाईनला हवेचा फिल्टर लावा, विचारल्याशिवाय रक्त काढू नये', खाली माझ्या डॉक्टरांचा नंबर. लॅमिनेशन करून एक खिशात ठेवलं, एक गाडीच्या डिकीत. तिसरं आशाताईंनी मागून नेलं. त्यांच्या रजिस्टरला पिनने लावलेलं आहे, परवा पोलिओच्या डोसला आल्या तेव्हा दिसलं.