शॅडो ताईची खुर्ची कुठे ठेवायची?

शॅडो टीचर किंवा शॅडो ताई म्हणजे नेहमीच्या वर्गात ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला मदत करायला त्याच्यासोबत असणारी ताई. तिच्या प्रशिक्षणाचा पहिला तास ‘ऑटिझम म्हणजे काय’ यावर घालवू नये. ते दुसऱ्या दिवशी घेतलं तरी चालतं. पहिला तास खुर्चीला द्यावा, कारण ताई वर्गात कुठे बसते यावर वर्षभराचं बरंच काही अवलंबून असतं.

बहुतेक वर्गांत ती मुलाच्याच बाकावर, त्याला खेटून बसलेली दिसते. फळ्याजवळून बाई काय सांगतात तिकडे मग मूल लक्षच देत नाही. ताई कानाशी पुन्हा सांगणार, हे त्याला ठाऊक असतं. बाईही त्याच्याशी थेट बोलेनाशा होतात आणि “ताई, त्याला वही काढायला सांगा” म्हणू लागतात. १९९७ साली अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मदतनिसांचा अभ्यास मांडला. त्यात हेच दिसलं होतं: मोठं माणूस सतत चिकटून राहिलं की शिक्षक मुलातून अंग काढून घेतात, वर्गातली मुलं लांब राहतात आणि मूल त्या एका माणसावर विसंबतं. आपल्याकडे वर्ग भरगच्च आणि बाक अरुंद, पण घडतं तेच.

खुर्ची मुलाच्या मागे, थोडी तिरकी, साधारण दीड मीटरवर ठेवावी. तिथून मुलाचे हात दिसले पाहिजेत. बाई आणि मूल यांच्या मध्ये ती येऊ नये, शेजारी आणि मूल यांच्या मध्येही येऊ नये. वर्गातून धावत सुटणारं मूल असेल तर मात्र खुर्ची दाराच्या बाजूला. मुलाला पहिल्या बाकावर बसवायची पद्धत आहे, पण तिथे बघून करायला त्याच्यापुढे कोणीच नसतं. दुसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला बसवलं तर पुढच्या मुलीने पुस्तक काढलेलं त्याला दिसतं. ही मदत फुकट मिळते आणि ती कोणी काढूनही घेणार नसतं.

दुसरा धडा गप्प बसण्याचा. बाईंनी सूचना दिली की ताईने मनात सावकाश पाच अंक मोजायचे. तोवर बोलायचं नाही, हातही लावायचा नाही. ऐकलेलं वाक्य समजून घेऊन हात हलवायला या मुलांपैकी अनेकांना वेळ लागतो. “पुस्तक काढ.” दोन सेकंद. “अरे, मराठीचं काढ ना.” दोन सेकंद. “काय सांगतेय मी?” इथे ताईला वाटतं आपण एकच गोष्ट तीनदा सांगितली. मुलाच्या कानावर तीन वेगळी वाक्यं पडलेली असतात आणि प्रत्येक वेळी त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा सांगायची वेळ आलीच तर तेच शब्द, त्याच क्रमाने.

पाच अंक झाल्यावर मदत कमीत कमी ठेवून सुरू करायची. आधी नुसता बोटाने इशारा, मग चित्र, मग एक-दोन शब्द, मग स्वतः करून दाखवणं, मग कोपराला हलका स्पर्श, आणि सगळ्यात शेवटी हात धरून करवून घेणं. मुलाला मुळीच न येणारं नवं काम शिकवताना क्रम उलटा ठेवतात. सुरुवातीला भरपूर मदत देऊन ती कमी करत जायचं, म्हणजे चुका मुरत नाहीत. प्रशिक्षण घेणाऱ्यांना वाटतं की शब्दांची मदत सगळ्यात सौम्य. ती काढून घेणं मात्र फार अवघड जातं, कारण ताईचं “हं, आता पुढचं” हेसुद्धा त्या कामाची एक पायरी होऊन बसतं. मुलाने गणित पूर्ण केलेलं असतं, तरी तो मान वर करून त्या “हं”ची वाट बघत बसतो. म्हणून शक्य तिथे इशारा मागून करावा, चेहऱ्यासमोर येऊन नको.

हे व्याख्यानातून येत नाही. सांगायचं, करून दाखवायचं, ताईकडून करवून घ्यायचं आणि चुकलं तिथे लगेच बोलायचं, याच क्रमाने जावं. हात धरून करवणं शिकवताना एकीने डोळे मिटून बाटलीचं झाकण उघडायचं आणि दुसरीने मागून तिचे हात धरून ते ‘करवून’ घ्यायचं. मनगट कुणी आवळलं तर कसं वाटतं, हे अर्ध्या मिनिटात कळतं. वर्गात गेल्यावर विशेष शिक्षिकेने दहा मिनिटं मागे बसून ताईने किती वेळा मदत केली याच्या फक्त रेघा ओढाव्यात. पहिल्या आठवड्यातला आकडा बहुतेक ताईंना खरा वाटत नाही.

भाषेवर एक पूर्ण सत्र हवं, आणि ते मराठीसाठी मराठीतच घ्यावं लागतं, परदेशी पुस्तिकांत ते सापडत नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणारी मुलं बरीच असतात. ताई विचारते, “तुला पाणी पाहिजे?” पुढे तहान लागली की मुलगा म्हणतो, “तुला पाणी पाहिजे?” तो मागतोय हे ओळखायचं, आणि त्याच्या तोंडी जे वाक्य यायला हवं ते त्याच्या वतीने म्हणायचं: “मला पाणी पाहिजे.” यात मराठीचा एक खास खड्डा आहे. आपल्या क्रियापदाला लिंग चिकटतं. ताई म्हणते “मी जाते, मी आले”, मुलगा तेच उचलतो आणि वर्ग हसतो. त्यामुळे मुलाच्या वतीने बोलताना ताईने “मी जातो, मी आलो, माझं झालं” असंच म्हणायचं. सुरुवातीला जीभ वळत नाही, म्हणून जोडीने सराव करून घ्यावा.

वर्गातल्या नेहमीच्या वाक्यांचीही झडती घ्यावी. “बसतोस का?” हा प्रश्न आहे आणि त्याला “नाही” हे अगदी रास्त उत्तर आहे. “बस” म्हणावं. “पळू नको” ऐकून काय करायचं ते कळत नाही, “हळू चाल” कळतं. “लक्ष कुठंय?”, “डोकं खाऊ नकोस” ही वाक्यं काढूनच टाकावीत. आणि “माझ्याकडे बघ” चा आग्रह नको. अनेक मुलं नजर दुसरीकडे ठेवूनच नीट ऐकतात.

जे बोलून सांगायचं ते चित्रावर गेलं तर ताईचं तोंड बंद राहतं. दिवसाच्या वेळापत्रकाची पट्टी हे त्याचं साधं साधन. शाळेतल्याच जागांचे फोटो काढायचे: परिपाठाचं मैदान, नळ, डबा, वर्गाचा फळा. प्रत्येक कार्ड साधारण पाच सेंटिमीटरचं, लॅमिनेशन मॅट, कारण चकचकीत कार्डावर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि चित्रच दिसत नाही. कापताना कडेला तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक सोडायचं, नाहीतर पावसाळ्यात कडा सुटतात. वेल्क्रोची मऊ बाजू पट्टीवर, खरखरीत बाजू कार्डांवर, सगळीकडे तशीच. एका वेळी चार किंवा पाचच कार्डं लावायची. शेवटी ‘झालं’ लिहिलेली डबी.

पट्टी फसते ती बहुधा एकाच कारणाने: कार्ड ताई काढते. कार्ड मुलाने काढायचं, मुलानेच डबीत टाकायचं. दुसरं कारण, बाईंनी तास बदलला तरी पट्टी तीच राहते आणि दोनदा फसलेलं मूल तिच्यावर विश्वास ठेवत नाही. त्यासाठी ‘बदल’ असं एक कार्ड ठेवावं आणि ते आधी आनंदाच्या बदलांसाठी वापरावं. गणिताऐवजी बागेत जायचंय तेव्हा ‘बदल’. असं पाच-सात वेळा झाल्यावरच खेळाचा तास रद्द झाल्याचं सांगायला ते काढावं.

नोंदवहीत “आज त्रास दिला” असं लिहिलेलं कुणाच्याच उपयोगाचं नसतं. लिहायचं ते असं: ‘११.२०. चित्रकला संपली, बाईंनी रंग गोळा केले. मनगटाला चावला, एकदा. बाहेर नेलं, पाच मिनिटं झोपाळ्यावर.’ आधी काय झालं, नेमकं काय केलं, नंतर काय मिळालं. अशा आठ-दहा नोंदी एकाखाली एक वाचल्या की दिसतं: चावलं की झोपाळा मिळतो. मग झोपाळा बंद करायचा नाही. चावायच्या आधी देता येईल असं ‘थांबूया’ कार्ड हातात द्यायचं आणि ते दिल्यावर पहिले काही दिवस हमखास, ताबडतोब सुट्टी द्यायची. कार्ड दिलं आणि ताई “आधी हे पूर्ण कर” म्हणाली, तर मूल चावण्याकडे परत वळतं, कारण तो मार्ग हमखास चालतो हे त्याने अनुभवलेलं असतं.

हात फडफडवणं, डोलणं, गुणगुणणं थांबवू नये. त्यातून मूल स्वतःला सावरत असतं. ते अचानक वाढलं, कानावर हात गेले, तर पुढे काय येतंय याची ती आगाऊ सूचना समजावी. परिपाठाचा लाउडस्पीकर, बाक ओढल्याचा आवाज, मधल्या सुट्टीची बेल ही नेहमीची कारणं. कानावर घालायचे हेडफोन अशा वेळेपुरते द्यावेत, दिवसभर नकोत. भडका उडालाच तर बोलणं बंद, एक हात अंतर राखून बाजूला उभं राहायचं, धारदार वस्तू आणि बाकीची मुलं दूर करायची. दाबून धरायचं नाही. मूल शांत झाल्यावर लगेच वही पुढे केली की दुसरा भडका उडतो.

ऑटिझमबरोबर फिट येण्याचा त्रास अनेक मुलांना असतो, त्यामुळे त्याचा सरावही याच प्रशिक्षणात हवा. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा नाही, कांदा नाही, चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखान्यात. शौचालयाच्या मदतीबाबत कोण जाणार, किती मदत करणार, हे पालकांशी बोलून आधी लेखी ठरवावं आणि जाताना वर्गशिक्षिकेला सांगून जावं. हे मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे, तसंच ताईच्याही.

मधल्या सुट्टीत ताई मुलाजवळ डबा खात बसली की दुसरं मूल तिथे फिरकत नाही. तिने नजरेच्या टप्प्यात पण लांब बसावं. खेळात ‘सगळ्यांबरोबर खेळ’ असं सोडून देऊ नये. लंगडीत कुणाला बाद केलं ते मोजणं किंवा शिट्टी वाजवणं असं एक ठरलेलं काम द्यावं आणि ते आदल्या दिवशी दोघांतच करून बघावं.

मदत कमी करायची वेळ अंदाजाने ठरवू नये. एखादं काम पाचपैकी चार दिवस इशाऱ्यावर झालं की पुढच्या आठवड्यात इशाराही उशिरा. दोन आठवडे आकडा हललाच नाही तर मुलाला दोष न देता कामाचे तुकडे करावेत. ‘दप्तर भर’ म्हणजे सहा कामं असतात. आणि ताई रजेवर असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पट्टी, कार्डं, बाई आणि शेजारची मैत्रीण यांच्या आधारावर तो किती वेळ निभावतो, हे त्याच दिवशी नीट कळतं. त्याची नोंद बाईंनी स्वतः ठेवावी.

एप्रिलमध्ये पुढच्या वर्गाच्या बाईंसाठी एक पान तयार करावं. निदान, अहवाल, गुणांक फाइलमध्ये असतातच. या पानावर एवढंच: तो ‘हो’ कसं सांगतो, ‘नको’ कसं सांगतो, कुठल्या आवाजाने कान झाकतो, डब्यात काय चालत नाही, कुठली कामं कोणाच्याही मदतीशिवाय करतो. शेवटचा मुद्दा सगळ्यात वर लिहावा, नाहीतर जूनमध्ये ताई पुन्हा बाकावर त्याला खेटून बसलेली असते.