ड्रायव्हर बिचारा उगाच बदनाम झाला

ही गोष्ट २००५ ची. मी तेव्हा महिन्यातनं दोनदा पुण्याहून नवी मुंबईत महापेला जायचो, तिथे एका क्लायंटचं डेटा सेंटर होतं आणि त्यातली सन मायक्रोसिस्टिम्सची सगळी मशिन्स माझ्या गळ्यात होती. त्यातलं एक एंटरप्राइज ४५०. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, सर्व्हर कसला, बारकं कपाटच ते, चार अल्ट्रास्पार्क टू प्रोसेसर, पोटात वीस डिस्क मावतात, जागेवरनं हलवायचं तर चार माणसं लागतात. त्यावर सोलारिस ८ ही सनची ऑपरेटिंग सिस्टीम आणि ओरॅकल डेटाबेस, आणि क्लायंटचं सगळं डिस्पॅच त्या एका डेटाबेसवर. रविवारी सकाळी सातला पहिले ट्रक गेटवर लागायचे आणि चलान छापलं गेलं नाही तर ट्रक जागचा हलत नाही.

शनिवारी रात्री दहाला डाउनटाइम घेतला. नवीन स्टोरेज आलं होतं, त्यासाठी मशिनमध्ये फायबर चॅनलचं कार्ड बसवायचं आणि वेंडरचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचा. डेटा पुढच्या शनिवारी हलवायचा होता, आज फक्त डिस्क दिसतात का बघायचं, दीड तासाचं काम, असं मेलमध्ये मीच लिहिलं होतं. (त्या मेलवरून नंतर बरंच ऐकून घेतलं.)

वेंडरकडून एक पोरगा आला होता, चोवीस-पंचवीसचा, डोंबिवलीचा, हुशार आणि कामाला चलाख. त्याने कार्ड बसवलं, पीकेजीअ‍ॅडने ड्रायव्हर टाकला, एसडी डॉट कॉन्फमध्ये नव्या डिस्कच्या पत्त्यांच्या (टार्गेट आणि लन) ओळी घातल्या, एटीसी सिस्टीम या कर्नलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्यांच्या डॉक्युमेंटप्रमाणे थ्रॉटल आणि टाइमआउटच्या दोन ओळी टाकल्या. मी दोन्ही फाइलींची आधी कॉपी काढून ठेवली होती. मशिन बंद करून परत चालू करायला घेतलं तेव्हा मी त्याला म्हटलं, तू बघ, मी चहा घेऊन येतो, आणि खाली गेलो. पाऊण तास गेलो, कारण चहावाला गेटच्या बाहेर आणि गेटवर एंट्रीचं रजिस्टर. हा पाऊण तास लक्षात ठेवा.

वर आलो तर मशिन उभं, फॉरमॅट कमांडला नव्या डिस्क रांगेत दिसत होत्या, पोरगा खुश. सव्वा वाजता डीबीएला, म्हणजे डेटाबेसवाल्याला, फोन केला, त्याने ओरॅकल उठवलं, आम्ही बॅगा भरायला घेतल्या. तेवढ्यात अ‍ॅप्लिकेशनवाल्याचा फोन, म्हणे स्क्रीन अडकते, मग सुटते, मग परत अडकते. पिंग लावला तर वीस-तीस उत्तरं नीट येणार आणि मग दहा-पंधरा सेकंद एकदम शांतता, मग परत सुरू, जसं काही झालंच नाही.

आता यात माझं काय चुकलं ते सांगतो. शेवटचा बदल काय केला, ड्रायव्हर. मग दोष कुणाचा, ड्रायव्हरचा. पुढचे अडीच तास मी या एका वाक्यावर काढले. एटीसी सिस्टीममधल्या त्या दोन ओळी मला विषासारख्या दिसायला लागल्या, म्हटलं कर्नलमध्ये काहीतरी ढवळलं यांनी. पोरगा बिचारा सांगत होता, "सर, हे डिस्कचं सेटिंग आहे, नेटवर्कशी याचा काय संबंध?" आणि मी त्याला "तू गप रे" करत होतो.

मध्ये एकदा ड्युप्लेक्स बघितलं, कारण सोलारिसवाल्याला नेटवर्क म्हटलं की पहिला संशय ड्युप्लेक्सचाच (डेटा दोन्ही दिशांनी एकदम जातो की आळीपाळीने), एचएमई हे सनचं नेटवर्क कार्ड आणि स्विच यांचं ऑटो-निगोशिएशन हे आमचं जुनं दुखणं. एनडीडीने बघितलं तर फुल ड्युप्लेक्स, नेटस्टॅटमध्ये कोलिजन शून्य. मेसेजेस फाइलमध्ये मात्र नेटवर्क कार्डाच्या (एनआयसी) तक्रारींची रांग लागली होती. एनआयसी फेल्युअर डिटेक्टेड, मग फेल्ड ओव्हर, मग एनआयसी रिपेअर डिटेक्टेड, मग फेल्ड बॅक, दर मिनिटाला हेच. आमच्याकडे आयपीएमपी लावलेलं होतं, म्हणजे बोर्डावरचं एचएमई० आणि क्वाड कार्डावरचं क्यूएफई० असे दोन पोर्ट एका ग्रुपात, एक गेला तर आयपी दुसऱ्यावर उडी मारतो. गेला की नाही हे कळायला त्याचा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) सतत शेजाऱ्याला हाक मारत असतो आणि साधारण दहा सेकंद उत्तर आलं नाही की पोर्ट मेला असं जाहीर करतो. इथे पोर्ट मरत होते आणि जिवंत होत होते, आणि मी मनात म्हणत होतो बघा, ड्रायव्हर पीसीआय बस अडवून ठेवतोय.

अडीचला मी निर्णय घेतला, ड्रायव्हर काढा. पीकेजीआरएम, दोन्ही फाइलींच्या जुन्या कॉप्या परत जागेवर, रीबूट. एंटरप्राइज ४५० उठायला किती वेळ घेतं ते विचारू नका. मी रॅकसमोर फॉल्स फ्लोअरवर बसलो होतो, नेमकी भोकांची टाइल, खालून एसीचा वारा थेट पाठीत, जर्किन गाडीत राहिलेलं. मशिन उठलं, ड्रायव्हरचं नामोनिशाण नाही, आणि पिंग वीस उत्तरं देऊन परत गप्प.

त्या क्षणी जे वाटलं ते लिहीत नाही.

मग नेटवर्कवाल्याला उठवलं. पावणेचार वाजले होते, तो घरनं लॉगिन झाला, थोडा वेळ शिव्या, मग स्विचचा लॉग वाचून दाखवायला लागला, "अरे बाबा, तुझा होस्ट फ्लॅप होतोय, एकच मॅक पोर्ट ३/७ वर पण दिसतो आणि ३/१९ वर पण, शून्य आठ शून्य शून्य वीसने सुरू होणारा. तुझाच ना?" मॅक म्हणजे नेटवर्क पोर्टचा हार्डवेअर पत्ता. माझाच, ते सुरुवातीचे आकडे सनचेच. म्हटलं शक्य नाही, दोन पोर्ट, दोन मॅक. तो म्हणाला आयएफकॉन्फिग (पोर्टची माहिती दाखवणारी कमांड) करून सांग. मी म्हटलं रात्रीतनं दहा वेळा केलंय, सगळं नीट आहे. तो म्हणाला मॅक वाच. आणि बघतो तर स्क्रीनवर मॅक नाहीच.

ही सोलारिसची गंमत आहे, साध्या युजरने आयएफकॉन्फिग केलं तर आयपी दिसतो, फ्लॅग दिसतात, पण मॅकची, ईथर नावाची ओळ फक्त रूटला, म्हणजे मशिनच्या मुख्य युजरला, दिसते. आणि आमच्याकडे ऑडिटच्या कृपेने नियम असा की आपल्या आयडीने लॉगिन करायचं, एसयू कमांडने रूट होऊन तेवढं काम करायचं आणि बाहेर यायचं. म्हणजे दहा वेळा मी तीच अर्धी माहिती बघत होतो. एसयू केलं, परत आयएफकॉन्फिग. सनच्या त्या पांढऱ्या कन्सोलवर काळ्या अक्षरात एचएमई० खाली ईथर ८:०:२० आणि पुढचे तीन आकडे, क्यूएफई० खाली ईथर ८:०:२० आणि पुढचे तेच तीन आकडे. दोनदा बोट ठेवून वाचले.

जुन्या सन मशिनला स्वतःचा एक मॅक असतो आणि सांगितलं नाही तर सगळी नेटवर्क कार्डं तोच वापरतात. पोर्ट वेगवेगळ्या नेटवर्कवर असतील तर काही बिघडत नाही, पण एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या एकाच नेटवर्कात) दोन असले म्हणजे चाळीत दोन खोल्यांवर एकच पाटी, स्विचला कळेना पत्र कुठे टाकायचं, ज्या पोर्टवरनं शेवटचं पॅकेट आलं तिकडे तो सगळं ढकलतो, आणि आयपीएमपीच्या हाकेचं उत्तर भलत्याच दारात. यासाठी ईईप्रॉममध्ये, म्हणजे मशिनच्या स्वतःच्या सेटिंगच्या मेमरीत, लोकल मॅक अ‍ॅड्रेस नावाचं सेटिंग ट्रू करावं लागतं. आयपीएमपी लावताना दोन वर्षांपूर्वी ते मीच केलं होतं. आता ईईप्रॉम कमांड मारली तर समोर फॉल्स.

पोराकडे वळलो आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "मी चहाला गेलो तेव्हा ओके प्रॉम्प्टवर काय काय टाइप केलंस?"

ओके प्रॉम्प्ट म्हणजे सोलारिस सुरू व्हायच्या आधी मशिनला थेट कमांड द्यायची जागा. त्याने सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. नवीन कार्ड तपासायला त्याने डायग-स्विच, म्हणजे जास्तीच्या तपासणीचं सेटिंग, ट्रू केला होता. डायग ट्रू असलं की मशिन डिस्क सोडून नेटवर्कवरनं बूट व्हायला जातं, मग स्क्रीनवर टाइमआउट वेटिंग फॉर आर्प-रार्प पॅकेट ही ओळ एकाखाली एक येत राहते, सात जन्म थांबलात तरी येत राहील. तो घाबरला, स्टॉप-ए मारून बूट थांबवलं आणि टाइप केलं सेट-डिफॉल्ट्स. डायग फॉल्स झाला, मशिन डिस्कवरनं मस्त उठलं. आणि बरोबर माझं दोन वर्षांपूर्वीचं ट्रू पण डिफॉल्टला गेलं. "सर, बूट झालं म्हणून तुम्हाला बोललो नाही," म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

ईईप्रॉममध्ये ट्रू करून ठेवलं, पण ते लागू व्हायला रीबूट हवा आणि डीबीए रीबूटला तयार नाही, साडेचार वाजले होते आणि त्याचा बॅच चालू. मग पीआरटीकॉन्फच्या लांबलचक आउटपुटमधनं क्वाड कार्डाचा खरा मॅक शोधून काढला आणि क्यूएफई० डाउन करून आयएफकॉन्फिगने तो हाताने लावून परत अप केलं. नेटवर्कवाल्याने त्याच्या बाजूने आर्प (कोणता आयपी कोणत्या मॅकवर याची यादी) साफ केलं. पिंग लावून दोघं नुसते बघत बसलो, शंभर झाले, दोनशे, पाचशे. मेसेजेस फाइल गप्प.

पावणेसहाला बॅच संपला, म्हटलं आता रीबूट घेऊन टाकू, ट्रक यायच्या आत. पोरगा माझ्याकडे बघत होता.

"सर, मग ड्रायव्हर परत टाकू का?"

ते मी विसरूनच गेलो होतो. टाक म्हटलं. त्याने परत पीकेजीअ‍ॅड, परत त्या दोन ओळी. मी चहाला गेलो नाही, मशिन पूर्ण उठेपर्यंत त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो.